बँक गेली, बोजा राहिला

कर्जबाजारी फुटबॉल क्लबावर बँकेची पकड बसली की चाहत्यांमध्ये एक मत झपाट्याने बळावते: क्लब बुडतो आहे तो बँकेमुळे, आणि बँक बाजूला झाली की क्लब सुटला. ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाच्या बाबतीत हे मत इतके रुजले आहे की आता ते इतिहास म्हणूनच सांगितले जाते. २००९ ते २०११ या काळात लॉइड्स बँकेने रेंजर्सचा गळा आवळला आणि २०१२ साली क्लब कोसळला, तो त्याचाच परिणाम, अशी ही कथा. यातल्या घटना खऱ्या आहेत, पण त्यांची जी साखळी जोडली जाते ती चुकीची आहे. बँकेच्या नियंत्रणाने रेंजर्सला बुडवले, हे मला मान्य नाही. आधीची वीस वर्षे बँकेने नियंत्रण ठेवलेच नाही आणि शेवटी ते ज्या रीतीने दुसऱ्याच्या हाती दिले, त्यात क्लब बुडाला, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे योग्य नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. जानेवारी २००९ मध्ये लॉइड्सने एचबीओएस ही बँक गिळली आणि तिच्याबरोबर बँक ऑफ स्कॉटलंडची जुनी खाती, म्हणजे रेंजर्सचे कर्जही, लॉइड्सकडे आले. त्याच महिन्यात क्रिस बॉइड या हुकमी गोल करणाऱ्या खेळाडूसाठी बर्मिंगहॅमने लावलेली बोली क्लबाने स्वीकारली. बॉइड गेला नाही, पण क्लब खेळाडू विकायला निघाला आहे हे सगळ्यांना कळले. ऑगस्टमध्ये मालक डेव्हिड मरे अध्यक्षपदावरून उतरले. पाठोपाठ डोनल्ड म्यूर संचालक मंडळावर आले आणि ते बँकेचे माणूस आहेत असे सर्वत्र मानले गेले. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक वॉल्टर स्मिथ यांनी उघड सांगितले की आपल्या समजुतीप्रमाणे क्लब बँकच चालवते आहे. २००८ च्या उन्हाळ्यानंतर २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत नव्या खेळाडूंवर जवळजवळ पैसाच खर्च झाला नाही. चिडलेल्या काही चाहत्यांनी बँकेतली आपली खाती बंद करण्याची भाषा केली. शंभराहून अधिक वर्षांच्या संस्थेचे भवितव्य एडिंबरा-लंडनच्या कचेऱ्यांमधल्या कर्जवसुली खात्याने ठरवावे, हे त्यांना अपमानास्पद वाटले. त्या अपमानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. क्लब ही ज्यांच्या तीन-चार पिढ्यांची गोष्ट आहे, त्यांना व्याजदराच्या भाषेत बोलणारा माणूस परकाच वाटणार.

बँकेने मात्र आपण क्लब चालवत असल्याचे नाकारले. चाहत्यांनी हा नकार शुद्ध खोटेपणा मानला. त्यामागचे कायदेशीर कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळ्या वादात तेच हरवले. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात ‘छाया-संचालक’ अशी संकल्पना आहे. संचालक मंडळ जिच्या सूचनांप्रमाणे वागायला सरावले आहे, ती व्यक्ती कागदोपत्री संचालक नसली तरी तिला संचालकाच्या जबाबदाऱ्या चिकटू शकतात. आणि दिवाळखोरी टळणार नाही हे दिसत असतानाही धंदा चालू ठेवल्याबद्दल १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली संचालकाला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून शहाणी बँक कधीच हुकूम सोडत नाही. ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवायची की नाही, कर्जाची मुदत पुढे न्यायची की नाही, एवढेच ती ठरवते. बाकीचे निर्णय मंडळ घेते. ही सत्ता खरी आहे, पण ती नकाराधिकाराची सत्ता आहे. क्लबाने काय करावे हे बँक सांगत नाही, काय परवडणार नाही एवढे सांगते.

आता या नकाराधिकाराचे फळ पाहू. बँकेने गळा आवळला म्हणतात त्या तीन हंगामांत, २००९, २०१० आणि २०११ मध्ये, रेंजर्सने सलग तीन वेळा स्कॉटिश लीग जिंकली. स्कॉटिश कप आणि लीग कपही घेतले. त्याच काळात क्लबाचे कर्ज तीन कोटी पौंडांच्या वरून २०१० च्या जूनपर्यंत सुमारे २ कोटी ७० लाखांवर आणि २०११ च्या मे महिन्यापर्यंत १ कोटी ८० लाखांवर उतरले. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर २०१० च्या ऑगस्टमध्ये बँकेच्याच नजरेखाली निकिचा येलाविच हा आघाडीचा खेळाडू रापिड व्हिएन्नाकडून सुमारे ४० लाख पौंडांना घेतला गेला. मैदानावर विजेतेपदे येत होती आणि ताळेबंदातले कर्ज उतरत होते. याला गळा आवळणे म्हणायचे असेल, तर त्याआधीच्या मोकळ्या श्वासाने काय दिले तेही सांगायला हवे.

तो मोकळा श्वास १९८८ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. पोलादाच्या व्यापारातून वर आलेल्या डेव्हिड मरे यांनी सुमारे ६० लाख पौंडांत रेंजर्स घेतला. पुढे क्लबाने १९८९ ते १९९७ अशी सलग नऊ विजेतेपदे मिळवली आणि त्या धुंदीत मरे यांनी जाहीर केले की शहरातल्या प्रतिस्पर्धी सेल्टिक क्लबाने पाच पौंड खर्च केले तर आम्ही दहा करू. हे बोलणे चाहत्यांना फार आवडले. १९९७ मध्ये एनिक या गुंतवणूक कंपनीचे ४ कोटी पौंड आले, २००० मध्ये डेव्ह किंग यांचे २ कोटी आले, आणि सगळे गेले. २००० च्या नोव्हेंबरात चेल्सीकडून टोरे आंद्रे फ्लो या एका खेळाडूसाठी १ कोटी २० लाख पौंड मोजले गेले. नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कर्ज ७ कोटींच्या वर पोहोचले. शेवटी २००४ मध्ये समभाग काढून ते खाली आणावे लागले, आणि त्याचा बहुतेक भार मरे यांच्या उद्योगसमूहानेच उचलला. तो समूह त्याच बँकेचा मोठा ऋणको होता. म्हणजे क्लबाच्या वहीतला आकडा मालकाच्या वहीत गेला. दोन्ही वह्या एकाच बँकेच्या कपाटात होत्या.

याच काळात आणखी एक दार उघडले गेले. २००१ पासून खेळाडू आणि अधिकाऱ्यांना पगाराचा काही भाग कर्मचारी कल्याण न्यासांमार्फत ‘कर्ज’ म्हणून दिला जाऊ लागला. अशा रीतीने सुमारे ४ कोटी ७० लाख पौंड वाटले गेले. परत न मागितले जाणारे हे कर्ज पगारच होय आणि त्यावर आयकर द्यायला हवा, अशी ब्रिटिश महसूल खात्याची भूमिका होती. खटला अनेक पायऱ्या चढला. खालच्या न्यायाधिकरणांत कौल बहुतांशी क्लबाच्या बाजूने लागला, पण २०१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महसूल खात्याचे म्हणणे मान्य केले. या न्यासांची सुरुवात आणि भरभराट बँक हात सैल सोडून बसली होती तेव्हाची आहे. बँक ऑफ स्कॉटलंडवर खरा आरोप करायचा असेल तर तो इथे करायला हवा. तिने मरे यांच्या शब्दावर, त्यांच्या नावाच्या वजनावर, वर्षानुवर्षे हात सैल ठेवला. त्या काळी स्कॉटलंडमधल्या बँकवाल्यांनाही फुटबॉलची तीच भुरळ होती. या बँकेचे माजी व्यवस्थापकीय संचालक गॅव्हिन मास्टरटन स्वतः डनफर्मलाइन क्लबाचे मालक झाले आणि तो क्लब २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला.

इथे प्रतिपक्ष एक समर्थ आक्षेप घेतो. कर्ज १ कोटी ८० लाखांवर उतरले होते आणि चॅम्पियन्स लीगचे पैसे येत होते, तर क्लब ते सहज फेडू शकला असता. मग बँकेला विक्रीची घाई का होती? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या करप्रकरणात आहे. २०१० पर्यंत महसूल खात्याची चौकशी सर्वांना माहीत झाली होती. निकाल विरुद्ध गेला तर कित्येक कोटींचा बोजा एका दिवसात क्लबाच्या डोक्यावर येणार होता. लॉइड्सला आपले पैसे त्याआधी हातात हवे होते. बँकेच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. क्लबाच्या दृष्टीने मात्र याच क्षणी दोघांचे हित वेगळे झाले. तोवर बँकेचा स्वार्थ आणि क्लबाचे भले एकाच दिशेने चालत होते: खर्च आवरा, कर्ज उतरवा. आता बँकेला फक्त बाहेर पडायचे होते, आणि बाहेर पडणाऱ्या धनकोला आपल्यामागे दार कोण लावतो याची फिकीर नसते.

६ मे २०११ रोजी क्रेग व्हाइट यांच्या कंपनीने मरे यांचे ८५ टक्के समभाग एका पौंडात घेतले आणि लॉइड्सचे १ कोटी ८० लाख पौंड फेडले. रेंजर्सच्याच काही संचालकांनी या व्यवहाराबद्दल आधी जाहीर शंका व्यक्त केली होती. अध्यक्ष ॲलिस्टर जॉन्स्टन यांनी पैशांच्या उगमाबद्दल प्रश्न उभे केले. पॉल मरे या संचालकाने अडीच कोटी पौंडांच्या नव्या समभागांचा पर्याय पुढे केला. तो बाजूला ठेवला गेला आणि विक्रीनंतर लवकरच दोघांनाही मंडळातून जावे लागले. चाहत्यांमध्ये मात्र त्या दिवशी मोठा सुटकेचा भाव होता. बँक गेली होती.

पण बोजा गेला नव्हता. स्कॉटलंडच्या कायद्यात १९६१ पासून ‘फ्लोटिंग चार्ज’ची सोय आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तो एका ठरलेल्या जमिनीवर. हा बोजा कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर असतो, आज जी आहे तिच्यावर आणि उद्या जी येईल तिच्यावरही, आणि वेळ आली की तो जिथल्या तिथे घट्ट बसतो. बँकेकडे रेंजर्सचा असा बोजा होता. कर्ज फिटल्यावर तो पुसला गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तसे झाले नाही. कर्ज आणि त्यासोबतचे तारण व्हाइट यांच्या कंपनीच्या नावे करून देण्यात आले. म्हणजे बँकेच्या हातातला चाबूक मोडला गेला नाही, तो जसाच्या तसा एका माणसाच्या हाती दिला गेला. क्लबाचा मालक आणि क्लबाचा तारणधारक धनको आता एकच झाला. बँकेच्या काळात निदान या दोन भूमिका दोन ठिकाणी होत्या, आणि एकाला दुसऱ्याचा धाक होता.

पैसा कुठून आला, हे पुढे उघड झाले तेव्हा अनेकांना धक्का बसला. क्लबाच्या येणाऱ्या हंगामांची सीझन तिकिटे टिकेटस नावाच्या कंपनीला सुमारे २ कोटी ४४ लाख पौंडांना आगाऊ विकून ही रक्कम उभी केली होती. बँकेला फेडले गेले ते चाहत्यांच्याच पुढच्या तीन-चार वर्षांच्या पैशांनी. ज्यांनी बँकेतली खाती बंद करण्याची भाषा केली होती, त्यांना न सांगता, न विचारता त्यांच्याच पैशांतून ते कर्ज फेडले गेले होते. यातला आणखी एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. बँकेचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो, तोही तीन आठवड्यांच्या आत, आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. तिकिटांची आगाऊ विक्री ही विक्री होती, तारण नव्हे, म्हणून ती त्या नोंदीत दिसणार नव्हती. चाहते ज्या कर्जाशी झगडत होते ते दिसत होते. ज्याने त्याची जागा घेतली ते दिसत नव्हते. २०१२ च्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत त्याचा उलगडाच झाला नाही.

या सगळ्यातून व्हाइट यांच्यावर फौजदारी खटला चालला आणि २०१७ मध्ये ग्लासगोतल्या ज्यूरीने त्यांना फसवणुकीच्या आरोपातून निर्दोष ठरवले. त्याआधी टिकेटसच्या दिवाणी दाव्यात त्यांच्याविरुद्ध १ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक रकमेचा निकाल लागला होता आणि २०१४ मध्ये त्यांना १५ वर्षे कंपनी संचालक होण्यास बंदी झाली. माझा मुद्दा एका माणसाच्या दोषाचा नाही. असा व्यवहार होऊ शकला याचाच आहे.

मग जे व्हायचे ते झाले. २०११ च्या ऑगस्टमध्ये माल्मो आणि मारिबोर यांच्याकडून हरून रेंजर्स युरोपातल्या दोन्ही स्पर्धांतून बाहेर पडला आणि त्या उत्पन्नाचा आधार गेला. कामगारांच्या पगारातून कापलेला आयकर आणि मूल्यवर्धित कर भरणे थांबले. सुमारे ९० लाख पौंड थकल्यावर महसूल खाते न्यायालयात गेले आणि १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. जूनमध्ये महसूल खात्याने तडजोडीचा प्रस्ताव फेटाळला, कंपनी अवसायनात निघाली, मालमत्ता चार्ल्स ग्रीन यांच्या गटाने ५५ लाख पौंडांत घेतली आणि रेंजर्सला चौथ्या स्तरावरून पुन्हा सुरुवात करावी लागली. प्रशासकांनी धनकोंची जी यादी जाहीर केली तिच्यात महसूल खात्यापासून मुलांचे चेहरे रंगवणाऱ्या एका कलाकाराच्या ४० पौंडांपर्यंत सगळे होते. लॉइड्सचे येणे तिथे उरले नव्हते. ती आपले पूर्ण पैसे घेऊन निघून गेली होती. २००८ नंतरच्या बचाव-मदतीमुळे लॉइड्सचा ४० टक्क्यांहून मोठा हिस्सा ब्रिटिश सरकारकडे होता, हे लक्षात घेतले तर नुकसान कोणाचे झाले तेही कळते. करदात्यांच्या बँकेने वसूल केले आणि करदात्यांचेच महसूल खाते बुडाले.

‘बँकेने मारले’ या मताला ग्लासगोच्याच दुसऱ्या टोकाने दिलेले उत्तर अधिक जुने आहे. १९९४ च्या मार्चमध्ये सेल्टिकचा ओव्हरड्राफ्ट ५० लाख पौंडांच्या मर्यादेला भिडला होता. केली आणि व्हाइट (क्रेग व्हाइट यांचे नव्हे) ही दोन घराणी पिढ्यान्पिढ्या क्लबावर बसून होती, ‘सेल्ट्स फॉर चेंज’ ही चाहत्यांची चळवळ त्यांच्याविरुद्ध उभी होती, सामन्यांवर बहिष्कार टाकला जात होता, आणि तरी मंडळ हलत नव्हते. ते हलवले बँक ऑफ स्कॉटलंडने. पैसे आणा, नाहीतर क्लब रिसीव्हरच्या ताब्यात जाईल, असे तिने बजावले. ४ मार्चला मुदत संपता संपता कॅनडात उद्योग उभारलेले फर्गस मॅकॅन आले आणि त्यांनी पैसे भरले. पुढे त्यांनी समभाग चाहत्यांना विकून ९० लाख पौंडांच्या वर रक्कम उभी केली, सेल्टिक पार्क ६० हजार आसनांचे केले आणि १९९९ मध्ये ठरल्याप्रमाणे निघून गेले. तीच बँक, तेच शहर, तोच धाक. सेल्टिकच्या बाबतीत त्या धाकाने क्लब वाचवला, कारण धाकाच्या पलीकडे खरा पैसा घेऊन एक माणूस आणि त्याच्यामागे संघटित चाहते उभे होते. रेंजर्सच्या बाबतीत त्या जागी एक पौंड आणि उद्याची तिकिटे होती. फरक बँकेत नव्हता.

लिव्हरपूलचे उदाहरण तर या मताला पार उलटे करते. २००७ च्या फेब्रुवारीत टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकी जोडीने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबाच्या मालक कंपन्यांवर टाकले. २००९ च्या हिशेबात फक्त व्याज ४ कोटी पौंडांच्या घरात होते. ‘स्पिरिट ऑफ शँकली’ ही चाहत्यांची संघटना याविरुद्ध लढत होती, पण तिने बँकेला शत्रू ठरवले नाही. उलट रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने मालकांना आणखी मुदत देऊ नये म्हणून चाहत्यांनी बँकेवर दबाव आणला. इतर वित्तसंस्थांनीही या जोडीला नवे कर्ज देऊ नये म्हणून पत्रांचा पाऊस पाडला. बँकेने २०१० मध्ये मुदतवाढ देताना एक अट घातली होती: मार्टिन ब्राउटन अध्यक्ष होतील आणि मंडळात बदल करण्याचा अधिकार त्यांचाच राहील. ऑक्टोबरमध्ये मालकांनी विक्री रोखण्यासाठी मंडळच बदलायचा प्रयत्न केला, तेव्हा लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी याच लेखी हमीच्या आधारे त्यांना अडवले. हिक्स यांनी टेक्सासच्या न्यायालयातून मनाईहुकूम आणला; लंडनने तोही मोडून काढला. १५ ऑक्टोबरला, कर्जाची मुदत संपायच्या दिवशी, ३० कोटी पौंडांत क्लब जॉन हेन्री यांच्या कंपनीकडे गेला. मालकांच्या इच्छेविरुद्ध क्लब सोडवणारी दुसरी कोणतीही शक्ती त्या वेळी इंग्लंडमध्ये नव्हती. ती फक्त बँकेकडे होती, आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांनी ती ओळखली.

याच वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाने ५० कोटी पौंडांचे रोखे काढून बँकांचे कर्ज फेडले. बँका गेल्या, पण व्याजाचे ओझे क्लबावरच राहिले आणि ज्याच्याकडे जाऊन दार ठोठावावे असा कोणी उरला नाही. रोखेधारक हजारो असतात आणि त्यांची कचेरी कुठेच नसते.

बँकेचे नियंत्रण नेहमीच हितकारक असते असे मी म्हणत नाही. एडिंबराच्या हार्ट्स क्लबात ते विषारी ठरले. तिथे मालक व्लादिमीर रोमानोव्ह यांची स्वतःचीच ऊकिओ बँकास ही लिथुएनियातली बँक होती. मालकाने मागायचे आणि मालकाच्याच बँकेने द्यायचे. हार्ट्सने २०१२ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हिबर्नियनला ५-१ असे हरवले. २०१३ च्या फेब्रुवारीत मात्र ती बँक कोसळली आणि जूनमध्ये क्लब प्रशासकांकडे गेला. पण इथेही दोष नियंत्रणाचा नव्हता, ते नसण्याचा होता. धनको आणि ऋणको एकच असतील तर ‘नाही’ म्हणायला कोणी उरत नाही. २०११ नंतरच्या रेंजर्सची अवस्था नेमकी हीच होती. हार्ट्सच्या चाहत्यांनी पुढे जे केले ते मात्र सगळ्या फुटबॉल जगाने पाहावे असे आहे. सुमारे ८ हजार लोकांनी दर महिन्याला वर्गणी भरून ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ उभे केले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्लबाचे बहुमत समभाग त्यांच्या हाती आले.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या चाहत्यांनी २०१४ मध्ये बँकिया या बँकेच्या तगाद्यातून सुटका म्हणून सिंगापूरच्या पीटर लिम यांचे स्वागत केले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांना घालवण्यासाठी मोर्चे काढले. तिथेही घात झाला तो बँक बाहेर पडताना.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण ब्लॅकबर्नचे आहे. २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा प्रीमियर लीगमधला क्लब घेतला. पुढच्या वर्षी डिसेंबरात क्लबाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या आणि क्लब प्रशासकांकडे जाण्याच्या धोक्याची स्पष्ट सूचना दिली. ते पत्र पाच महिन्यांनी, क्लब खाली घसरला तेव्हा, बाहेर आले. तेव्हापासून ब्लॅकबर्न चालला आहे तो मुख्यतः पुण्याहून येणाऱ्या पैशावर. व्यंकीजच्या राव कुटुंबाने तो वर्षानुवर्षे पुरवला, हे मान्य केलेच पाहिजे. पण अलीकडे आर्थिक चौकशीमुळे ही रक्कम पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, आणि लँकशरमधल्या एका गावाच्या क्लबाचे अंदाजपत्रक दिल्लीतल्या तारखांशी बांधले गेले. दात्याचा पैसा बँकेच्या पैशापेक्षा मऊ असतो, पण तो कधी आणि का थांबेल, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. बँकेच्या करारात ते लिहिलेले असते.

मग रेंजर्सच्या चाहत्यांनी त्या दोन वर्षांत मागायला काय हवे होते? ‘बँक चालती हो’ ही मागणी चुकीची होती. विक्रीच्या वेळी तारणाचे काय होणार, ते पुसले जाणार की कोणाच्या नावे जाणार, येणारा पैसा खरीदणाऱ्याचा आहे की क्लबाच्याच उद्याच्या उत्पन्नावर उचललेला, हे विचारायला हवे होते. मंडळातल्या संचालकांनी शंका घेतली तेव्हा त्यांच्या मागे चाहत्यांची गर्दी उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही, कारण दोन वर्षे सगळा राग एकाच दिशेला वळवला गेला होता. बँकेविरुद्धच्या रागाने जी जागा व्यापली, तिथे खरीदणाऱ्याची चौकशी बसायला हवी होती. आणि लॉइड्सला, जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या बँकेला, हे खडसावून विचारायला हवे होते की तुम्ही तुमचा धनकोपणा कोणाच्या हाती देत आहात.

बँकेवर अशी जबाबदारी टाकता येत नाही, तिचे कर्तव्य फक्त ठेवीदार आणि भागधारकांप्रति असते, असे म्हटले जाते. २०११ चा कायदा पाहिला तर ते बरोबर आहे. म्हणूनच तो अपुरा होता. इंग्लंडने उशिरा का होईना हे मान्य केले. २०२५ च्या जुलैमध्ये संमत झालेल्या फुटबॉल शासन कायद्याने इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच स्तरांसाठी स्वतंत्र नियामक आणला आहे, आणि नव्या मालकाचा पैसा कुठून येतो हे तपासण्याचा अधिकार त्याला दिला आहे. त्याच वर्षी अमेरिकी गुंतवणूकदारांनी रेंजर्सचे बहुमत समभाग घेतले. हा कायदा स्कॉटलंडला लागू नाही. तिथल्या चाहत्यांच्या संघटनांनी आता एडिंबराच्या संसदेकडे तो मागावा, आणि त्यात तारणाचे हस्तांतर व आगाऊ तिकीटविक्री या दोन्ही गोष्टी जाहीर करण्याची सक्ती असावी.